किल्ल्यात नको, अंगणात भरवा: मुंबईत जुन्या वास्तूपाशी शेतकरी बाजार कसा लावायचा

दिवाळी झाली की दोन-तीन मेसेज ठरलेले असतात. ताई, आम्हाला शिवडीच्या किल्ल्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरवायचाय, फोटो भारी येतील, परमिशन कुणाची घ्यायची सांगा ना. फोटो भारी येतील यात वादच नाही. पण माझं उत्तर दर वेळी एकच, की किल्ल्यात नको, जुन्या वास्तूचं अंगण शोध. एखादं देवळाचं पटांगण, लायब्ररीचा चौक, गावठाणातली वाडी, जुन्या शाळेचं आवार. वास्तू मागे दिसली पाहिजे आणि भाजी पुढे, एवढंच. ज्यांना हे पटत नाही ते तीन-चार महिने ऑफिसांच्या चकरा मारून मग पटवून घेतात.

आम्ही काही जण गेली काही वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या आवारात महिन्यातून दोन रविवार असा बाजार लावतो (आवाराचं नाव मुद्दाम घेत नाही, पुढे कळेल का ते). त्यात जे शिकलो ते नवीन लोकांसाठी लिहून काढतेय.

आधी जागा कुणाची ते शोधा

हे काम भाजीच्या आधी. मुंबईत जुनी वास्तू म्हटली की मालक कोण हे बाहेरून बघून कळत नाही. घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर या लेण्या केंद्राच्या म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. शिवडी किल्ला राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. बाणगंगा राज्य संरक्षित स्मारक आहे पण तलाव आणि आजूबाजूची देवळं गौड सारस्वत ब्राह्मण समाजाच्या ट्रस्टची, आणि तिथला रस्ता, कचरा, दिवे महापालिकेचे. म्हणजे एका पायरीवर उभं राहिलात तरी तीन ऑफिसं.

केंद्राच्या स्मारकांचा कायदा 1958 चा आणि त्याखालचे नियम 1959 चे. त्यात स्मारकाच्या आत परवान्याशिवाय वस्तू विकायची नाही, ठरवून दिलेली जागा सोडून स्वयंपाक करायचा नाही की खायचं नाही, सभा-समारंभ परवानगीशिवाय नाही असं सरळ लिहिलंय. 2010 ची दुरुस्ती आली त्यानंतर स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरात परवानगी घेऊनच. तुम्ही बांधकाम करत नाही हे खरं, पण खड्डा खणून बांबू रोवायला गेलात तर वाद आपणहून घरी आणलात. म्हणून लेण्या आणि किल्ले यादीतून काढून टाका, निदान पहिली दोन वर्षं.

उरलेल्या वास्तू म्हणजे महापालिकेच्या हेरिटेज यादीतल्या. ही नियमावली मुळात 1995 ची, श्रेणी एक, दोन अ, दोन ब आणि तीन अशी विभागणी, आणि सल्ला द्यायला मुंबई हेरिटेज संवर्धन समिती. यातल्या कितीतरी वास्तू खासगी किंवा ट्रस्टच्या आहेत आणि तिथे पहिला होकार मालकाचा लागतो. सकाळी लावून दुपारी उचलायचा बाजार म्हणजे दुरुस्ती नव्हे की बदल नव्हे, तरी वॉर्ड ऑफिसला लेखी कळवून त्यांचं उत्तर लेखीच घ्या. तोंडी "करा हो, काय प्रॉब्लेम नाय" म्हणणारे साहेब पुढच्या महिन्यात बदलून जातात. फोर्ट-कुलाबा ए वॉर्ड, गिरगाव-वाळकेश्वर डी, भायखळा ई, दादर-माहीम जी उत्तर, वांद्रे पश्चिम एच पश्चिम. चुकीच्या वॉर्डात अर्ज दिलात तर तो पुढे पाठवतील या भ्रमात राहू नका.

रस्ता किंवा फुटपाथ अजिबात घेऊ नका. घेतलात की वाहतूक पोलीस, वॉर्डाचं अतिक्रमण खातं आणि फेरीवाल्यांची संघटना सगळे एकदम येतात, आणि खरं सांगायचं तर तिघांचंही काही चुकत नाही.

अंगण बघायला जाल तेव्हा काय बघायचं

लोक कमान बघतात, खिडक्या बघतात. तुम्ही खाली बघा. फरशी कुठली आहे? काळा बेसाल्ट असेल तर बऱ्यापैकी निभावतं. पिवळसर मालाड स्टोन किंवा पोरबंदर दगड असेल तर जपून, पोरबंदर हा चुनखडीचा दगड, त्याच्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही आंबट सांडलं की दगड खाल्ला जातो. नुसता डाग पडत नाही, वरचा थरच जातो. जुन्या रंगीत टाइल्स असतील तर तिथे दुकानच नको, येण्या-जाण्याची वाट ठेवा आणि तीही चटई टाकून.

मग गेटची रुंदी. टेम्पो आत आणायचाच नाही, पण हातगाडी तरी जायला हवी, आणि ती रबरी चाकांची. लोखंडी चाकांची गाडी दगडी पायरीवरून ओढली की कोपरे उडतात. 2024 च्या जूनमध्ये बाणगंगेत गाळ काढायला यंत्र उतरवलं आणि शेकडो वर्षांच्या पायऱ्यांचं नुकसान झालं, सगळ्या पेपरात आलं होतं, तेव्हापासून कुठल्याही ट्रस्टीसमोर चाक हा शब्द काढला तरी तो आधी पायरीकडे बघतो.

सावली बघा, आणि ती सकाळी नऊची बघा. संध्याकाळी पाचला जाऊन वा काय गार आहे म्हणाल आणि बाजाराच्या दिवशी पालेभाजीवर सरळ ऊन. आमची पहिली मेथी साडेनऊला मान टाकून बसली होती.

आणि संडास. यावर मी जरा जास्त बोलणारे कारण कुठल्याच प्लॅनमध्ये हा नसतो. मुरबाड, शहापूर, जव्हारकडून येणाऱ्या बायका रात्री दोन-अडीचला घर सोडतात. वसईवाल्या पहिल्या गाड्यांनी लगेजच्या डब्यातून पाट्या घेऊन येतात. पोचल्या की लगेच माल लावायचा, मग गिऱ्हाईक, मग आवराआवर, घरी परत जायला दुपारचे तीन. एवढ्या वेळात जायचं कुठे? पहिल्या बाजारात आम्ही म्हटलं कोपऱ्यावर सार्वजनिक शौचालय आहे की. ते होतं सातशे-आठशे पावलांवर, रस्ता ओलांडून, आणि एकटी बाई दुकान सोडून जाणार कशी? दोघींनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, हे आम्हाला दुपारी कळलं, तेही एकीला चक्कर आली म्हणून. तेव्हापासून नियम असा की आवारातल्या संडासाची चावी मिळणार असेल तरच ती जागा, नाहीतर कितीही सुंदर असो, नाही. आणि दर दोन तासांनी आपला एक स्वयंसेवक स्टॉलवर बसतो, बाईला मोकळं करतो.

ट्रस्टींना कसं पटवायचं

जुन्या वास्तूंचे ट्रस्टी म्हणजे बहुतेक वेळा सत्तरीच्या पुढचे काका आणि त्यांना दोनच भीती असतात, घाण आणि कब्जा. आज भाजीवाले आले, उद्या हटलेच नाहीत तर? ही भीती हसण्यावारी नेऊ नका, मुंबईत तसं झालेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

म्हणून बोलणी अशी करा. एका वेळी एकाच दिवसाची परवानगी मागा, वर्षाचा करार मागूच नका. तारीख, वेळ, स्टॉलची संख्या, कुठल्या भागात बसणार याचा हाताने काढलेला का होईना नकाशा, डिपॉझिट, आणि बाजार संपल्यावर किती वाजता आवार रिकामं मिळेल ते. ट्रस्टने बैठकीत ठराव करून त्याची सही-शिक्क्याची प्रत द्यावी असा आग्रह धरा, एकट्या चेअरमनच्या होकारावर जाऊ नका. डिपॉझिट आपणहून काढून ठेवलंत की समोरचा माणूस पन्नास टक्के विरघळतो.

कुणी म्हणालं की अशा वास्तूत बाजार शोभतो का, तर त्यांना फोर्टातली गोष्ट सांगा. आज हॉर्निमन सर्कलची बाग आहे ना, तिथे पूर्वी बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होतं आणि सेंट थॉमस कॅथेड्रलच्या समोर कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग लागायचे. लोकांना त्रास व्हायला लागला म्हणून 1844 मध्ये तो व्यापार कुलाब्याला हलवला, पुढे तो शिवडीकडे गेला आणि तिथल्या स्टेशनाचं नाव कॉटन ग्रीन पडलं. म्हणजे बाजार आधी आणि बाग नंतर. दुसरं उदाहरण क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आपली महात्मा फुले मंडई, 1869 ची. दारावर मान वर करून बघा, शिल्पकार लॉकवुड किपलिंगने कोरून घेतलेले शेतकरी आहेत दगडात. (वर दगडात शेतकरी आणि खाली गाळ्यात व्यापारी, ही टिप्पणी मात्र ट्रस्टींसमोर करू नका, त्यातले दोघे-तिघे व्यापारीच असतात.) आणि अलीकडचं हवं असेल तर काळा घोडा महोत्सव आहेच, 1999 पासून त्याच भागात जुन्या इमारतींच्या मधे दर वर्षी हजारो माणसं येऊन जातात.

बाकीचे कागद, थोडक्यात

स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्या आणि पोच घ्या. लाऊडस्पीकर लावायचा असेल तर वेगळी परवानगी, पण माझं ऐका, लावूच नका. शाळा, हॉस्पिटल, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम असतो आणि फोर्ट-गिरगावात दर दोन गल्ल्यांआड यातलं काहीतरी असतंच. मांडव घालणार असाल किंवा शेगडी पेटवणार असाल तर अग्निशमन दलाचं पत्र लागेल. आम्ही दोन्ही करत नाही त्यामुळे सुटतो. थालीपीठ, घावणे विकायचे तर घरून करून आणा, आवारात गॅस नाही.

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला कच्चा माल विकला तर अन्न सुरक्षा कायद्यात त्याला नोंदणी लागत नाही. पण लोणचं, पापड, कोकमाचं आगळ, तूप, मसाले आले की एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी हवीच. छोट्या उत्पादकाची नोंदणी त्यांच्याच फॉसकॉस वेबसाइटवर होते, बचत गटांकडे बहुतेक असते, नंबर पाकिटावर छापलेला बघून घ्या. वजनकाट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का बघा, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी पडताळून घ्यावा लागतो.

शेतकऱ्याने बाजार समितीला टाळून थेट विकलं तर चालतं का हा प्रश्न अजून लोक विचारतात. 2016 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, त्यामुळे चालतं. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, विधानभवनाच्या आवारातही भरला होता. तुम्ही अगदीच नवखे असाल तर आधी अशा एखाद्या चालू बाजारात चार रविवार नुसते मदतीला उभे राहा. पोती उचला. अर्धा लेख वाचायची गरज पडणार नाही.

खरा शेतकरी आणायचा कसा

फेसबुकवर पोस्ट टाकलीत की पहिले फोन येतील ते वाशीच्या घाऊक बाजारातून माल उचलणाऱ्यांचे. ते वाईट माणसं नाहीत, पण मग तुमच्या बाजारात आणि स्टेशनबाहेरच्या गाडीत फरक काय राहिला? ओळखायचं सोपं आहे. एकाच टेबलावर सफरचंद, सिमला मिरची, उटीचं गाजर आणि कोथिंबीर असं सगळं असेल तर ते शेत कुठल्या जिल्ह्यात आहे ते तुम्हीच विचारा.

आत्माच्या तालुका ऑफिसात जा (कृषी विभागाची यंत्रणा आहे ती), तिथे गटांची यादी मिळते. शेतकरी उत्पादक कंपन्या, माविम आणि उमेद या सरकारी यंत्रणांचे बचत गट. मग एकदा तरी शेतावर जा. सातबारा बघा, पीकपाहणीत काय लावलंय ते बघा, चहा प्या. जाणं-येणं महाग पडतं पण एका फेरीत चार शेतकरी होतात आणि ते एकमेकांना ओळखतात, म्हणजे टेम्पो एकत्र येतो, जे पुढे फार कामाला येतं.

एक मात्र लक्षात ठेवा. रानभाज्या आणणाऱ्या आदिवासी बायकांकडे सातबारा मागू नका. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली हे कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं असणार? तिथे पाडा कुठला, गट कुठला, कधीपासून आणतात हे विचारून पुरतं. आणि त्यांचा माल पाऊस पडला की येतो, म्हणजे बरोब्बर तुमचं उघडं अंगण बंद असतं तेव्हा! जून ते सप्टेंबर व्हरांडा किंवा पोर्च मिळत असेल तर तेवढ्यात चार-पाच जणींनाच बसवा, पण बसवा. शेवळांच्या जुडीसोबत काकडं (खाज मारणारी आंबट रानफळं) देतात का बघा, नसतील तर नवीन गिऱ्हाइकाला सांगायला लावा, नाहीतर घशाला खाज सुटली की शिव्या बाजाराला.

पहिल्या वेळी बारा स्टॉल पुरेत. चार पालेभाजी आणि फळभाजी, दोन फळं, दोन तांदूळ-नाचणी-कडधान्य, एक घाण्याचं तेल, एक कोकणातला माल, एक मध, एक रोपं-बियाणं. हंगामाप्रमाणे ओळखीची नावं ठेवा, वसईची केळी, वाडा कोलम, घोलवडचा चिकू (2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं त्याला), फेब्रुवारीनंतर अलिबागचा पांढरा कांदा. हापूसच्या दिवसात मात्र डोळ्यात तेल घालून बसा, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसतो हे मुंबईकराला सांगायला नको.

सेंद्रिय हा शब्द बोर्डावर लिहायचा की नाही यावर आमच्यात दोनदा भांडणं झाली. शेवटी ठरलं की पीजीएस (शेतकरी गटाने एकमेकांची शेतं तपासून द्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र) किंवा दुसरं प्रमाणपत्र असेल त्यानेच लिहायचं, बाकीच्यांनी "फवारणी काय केली" ते खरं खरं लिहायचं. एका काकांनी लिहिलं, "वांग्यावर एकदा औषध मारलं, वीस दिवस झाले." सगळ्यात आधी त्यांचीच वांगी संपली.

हिशोब, जो कुणी करत नाही

बाजार बंद पडतो तो परवानगीमुळे क्वचित. तो बंद पडतो कारण चौथ्या वेळेला शेतकरीच येत नाही, आणि फोनवर सांगतो लग्न आहे.

एक उदाहरण घेऊन बघा, आकडे समजायला धरलेत. चौघांत मिळून टेम्पो 4000, म्हणजे एकाचे 1000. स्टॉल फी 200. मदतीला आणलेल्या पोराचे 500. चहा-नाश्ता-जेवण 150. झाले 1850. आता 80 किलो माल सरासरी 40 रुपयांनी गेला तर हातात 3200, खर्च जाऊन 1350. तोच माल वाशीला 15 रुपयांनी दिला असता तर 1200, त्यातून भाडं-हमाली जाते हे कबूल, पण त्याचा रविवार आणि झोप वाचते. म्हणजे एवढी धावपळ करून फरक किती पडला बघा. हाच माणूस 120 किलो विकून गेला तर 4800 मधून खर्च जाऊन 2950 उरतात, आणि मग तो पुढच्या वेळी मेहुण्यालाही घेऊन येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. स्टॉल कमी ठेवा, म्हणजे प्रत्येकाचा माल संपेल. आणि तुमचं भाडं, कमिशन, टी-शर्ट, बॅनर यांचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नका. आम्ही कमिशन घेत नाही, फी ठरलेली, आणि ज्याचा माल अर्ध्याहून जास्त उरला त्याची फी माफ. मालक किंवा ट्रस्ट भाडं जास्त मागत असेल तर ती जागा सोडा, कितीही कमानी असोत.

भाव शेतकरी ठरवणार, आपण मधे पडायचं नाही. घासाघीस करणाऱ्या मावशी येणारच, त्यांनाही काही बोलायचं नाही, फक्त भाव पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असू दे. उरलेल्या मालाचं आधी ठरवून ठेवा. आमच्या जवळच्या दोन खानावळी साडेअकराला येतात आणि उरलेला पाला, वांगी, दुधी ठरलेल्या भावाने उचलतात. मेथीची जुडी परत गावाला नेणं याच्याइतकं वाईट काही नाही.

आणि हो, गेटवर रोज बसणारी भाजीवाली. आमच्या गेटवर एक मावशी आहेत, त्यांच्या सासूपासूनची जागा ती. पहिल्या बाजाराच्या दिवशी त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि चूक आमचीच होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग बसून ठरवलं की रोजचे लाल कांदे, बटाटे, टोमॅटो, आलं, लिंबू आत कुणीच ठेवायचं नाही, ते गिऱ्हाइकाने जाताना मावशींकडून घ्यायचं. आता बाजाराची तारीख लोक त्यांनाच विचारतात.

बाजाराच्या दिवशी, दगड सांभाळून

आता त्या आवाराचं नाव का घेत नाही ते. आमच्या दुसऱ्याच बाजारात कोकमाच्या आगळाचा पाच लिटरचा कॅन गळका निघाला. फिकट दगडाचा ओटा, त्यावर लालभडक ओघळ. घाबरून एकाने वॉशिंग पावडर आणली, दुसऱ्याने डाग निघतो म्हणून त्यावर लिंबूच चोळलं, म्हणजे आंबटावर आंबट. वॉचमनकाका ओरडत आले म्हणून थांबलो. लाल रंग बराचसा गेला, पण तिथे आता पांढुरका खरबरीत पट्टा आहे, हाताला लागतो, आणि तो आम्ही केलेला आहे. नंतर एका संवर्धन आर्किटेक्टने सांगितलं की साधं स्वच्छ पाणी आणि सुती फडकं, तेही दाबून टिपायचं, चोळायचं नाही, आणि नाही निघालं तर हात लावायचा नाही, फोन करायचा. हे आधी माहीत असतं तर.

तेव्हापासूनची पद्धत अशी. खाली जाड चटई किंवा गोणपाट, त्यावर ताडपत्री, त्यावर टेबल, टेबलाच्या पायांना रबरी टोप्या. पालेभाज्यांवर पाणी मारायचं तर क्रेटखाली ट्रे हवाच. तेल, आगळ, लोणचं, मध हे सगळे मातीवर किंवा सिमेंटच्या भागावर, दगडावर नाही. सुकी मासळी आणि खडेमीठही तसंच, मीठ ओलाव्याबरोबर दगडात मुरतं आणि वाळताना आतून पापुद्रे काढतं. (देवळाच्या आवारात अंडी-मासळीचा प्रश्न आधीच विचारून घ्या, बाजाराच्या दिवशी तो फार मोठा होतो.)

खांबाला, रेलिंगला, झाडाला दोरी नाही, खिळा नाही, चिकटपट्टी नाही. चिकटपट्टीबरोबर जुना चुना सुटून येतो. छत्र्या उभ्या करायच्या त्या वाळूने भरलेल्या बादलीत. बॅनर स्वतःच्या स्टँडवर. आदल्या आठवड्यात जाहिरात करायची तर भिंतीवर पोस्टर चिकटवू नका, मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा 1995 पासून आहे, सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आणि दूध केंद्रावरचा कागद याने जास्त लोक येतात.

दाणे सांडले की लगेच झाडा. तांदूळ-कडधान्याच्या स्टॉलखाली कबुतरं जमतात आणि त्यांची विष्ठा दगडाला आगळाइतकीच वाईट. 2025 च्या दादर कबुतरखान्याच्या भांडणानंतर मुंबईत कबुतरांविषयी मोठ्याने बोलायची सोय नाही, तुम्ही आपले गुपचूप झाडू घेऊन उभे राहा.

वेळ सात ते साडेअकरा. टेम्पो सहाच्या आत बाहेरच्या रस्त्यावर, उतरवला की लगेच हलवायचा. सुट्टे पैसे भरपूर ठेवा, जाड दगडी भिंतीआड नेटवर्क जातं आणि क्यूआर कोड असून पेमेंट अडकतं. क्यूआर कुणाच्या खात्याचा आहे तेही एकदा बघा, विकते बाई आणि पैसे नवऱ्याच्या मोबाइलवर असं आमच्याकडे तिघींचं होतं, दोघींनी आता स्वतःचं खातं काढलंय. प्लॅस्टिकच्या पिशव्या 2018 पासून राज्यात बंद आहेत, तरी गिऱ्हाईक मागणारच, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवणारा एखादा गट गेटवर बसवा.

वास्तूची माहिती द्यायची हौस असेल तर जरूर द्या, पण पिशव्या हातात धरून कुणी अर्धा तास भाषण ऐकत नाही. आम्ही साडेनऊला दहा मिनिटांची एक चक्कर मारतो, दगड कुठला, पाणी कुठून यायचं, हा कोनाडा कशासाठी होता, बस. सगळ्यात जास्त प्रश्न शेतकरीच विचारतात, त्यांच्या गावच्या जुन्या वाड्यात असलाच कोनाडा असतो.

आवराआवर

हे आदल्या दिवसापासून सुरू होतं. शनिवारी संध्याकाळी वॉचमनकाकांना बरोबर घेऊन प्रत्येक पायरी, ओटा, खांब, फरशीचा फोटो काढा, असलेल्या भेगा-टवके जवळून काढा. नाहीतर 1900 सालची भेग तुमच्या नावावर लागते. रविवारी साडेअकराला विक्री बंद, पावणेबाराला टेबलं उचलली, मग पाला वेगळा आणि सुका कचरा वेगळा. पाला शक्यतो टेम्पोतूनच परत पाठवा, ज्याच्याकडे जनावरं आहेत तो आनंदाने नेतो. आवार झाडायचं, धुवायचं नाही.

शेवटी काकांबरोबर कालचे फोटो मोबाइलवर उघडून पुन्हा तीच फेरी. काही नवीन दिसलं तर वहीत लिहायचं, नसेल तर "ठीक आहे" लिहून त्यांची सही, आपली सही, वेळ. वही आपल्याकडे न ठेवता काकांच्याच केबिनमध्ये ठेवायची. आमच्या वहीत पहिल्या पानावर तो आगळाचा डाग आहे, तारखेसकट, आणि पुढच्या तारखेची परवानगी मागायला जाते तेव्हा ट्रस्टी आधी ते पान उघडतात, मग शेवटचं.